निवृत्तीनंतरचा आरोग्यविमा : पॉलिसी सगळ्यात शेवटी



आजचा विषय बघून बरेच जण वही-पेन घेऊन आलेले दिसतात. आरोग्यविम्यावर कुठेही बोलायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कंपनी कोणती चांगली, तेवढं सांगा." आज आम्ही एकाही कंपनीचं नाव सुचवणार नाही. हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर चौथा आहे. त्याच्या आधी तीन प्रश्न येतात. माझ्या हक्काचं आधीच काय आहे? मी आजारी पडलो तर खरोखर कुठल्या दवाखान्यात जाणार? आणि हप्ता मला किती वर्षं झेपणार? ह्या तिघांची उत्तरं कागदावर लिहिली की चौथ्याचं उत्तर बरंचसं आपोआप सापडतं. उलट क्रमाने गेलं तर मात्र पैसे जातात आणि वेळेला उपयोग होत नाही. म्हणून आपण ह्याच क्रमाने जाऊ.

पहिला प्रश्न : हक्काचं काय आहे?

आपल्या जिल्ह्यात निवृत्त माणूस म्हणजे एकाच प्रकारचा माणूस नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, लष्करातून आलेले जवान आहेत, साखर कारखान्याचे कामगार आहेत, नागापूर एमआयडीसीत आयुष्य घालवलेले फिटर-टर्नर आहेत, आणि कधीच 'निवृत्त' न होणारे शेतकरी आहेत. प्रत्येकाचा हक्क वेगळा. तो माहीत नसताना पॉलिसी घेणं म्हणजे घरात धान्य आहे की नाही हे न बघता बाजारात जाणं.

सगळ्यांना लागू असलेली गोष्ट आधी सांगतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती खुली झाली, पांढरी शिधापत्रिका असलेल्यांनाही. संरक्षण दीड लाखावरून वाढून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेलं. आमचा अनुभव असा की पांढऱ्या शिधापत्रिकेवाला माणूस आजही म्हणतो, "ते आपल्यासाठी नसतं." आता आहे. शिधापत्रिका आणि आधार हे दोन कागद नीट ठेवा, नावांची अक्षरं दोन्हीकडे जुळतात का ते आजच बघा. योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, सगळं काम त्याच्यामार्फत होतं. चौकशीचा नंबर १५५३८८.

पण ह्या योजनेची हद्दही समजून घ्या. उपचारांची यादी ठरलेली आहे. यादीतला आजार, यादीतला दवाखाना, आणि भरती होऊन घ्यायचा उपचार, असं तिन्ही जुळावं लागतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. बाहेरून घेतलेली बीपी-शुगरची महिन्याची औषधं त्यात बसत नाहीत.

दुसरी गोष्ट, ७० वर्षं पूर्ण झालेल्यांची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. उत्पन्नाची अट नाही. बंगला असो की पत्र्याचं घर, सारखंच. ह्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावं लागतं. वय आधारवरचं धरलं जातं. आपल्या पिढीत शाळेतल्या मास्तरांनी १ जून लावून टाकलेली माणसं भरपूर आहेत, त्यामुळे आधारवरची तारीख एकदा तपासा. तुमच्याकडे खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं, पॉलिसी सोडावी लागत नाही. घरात पती-पत्नी दोघेही सत्तरी ओलांडलेले असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत, हे ध्यानात ठेवा.

आता गटागटाने. लष्करातल्या निवृत्तांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथे असल्यामुळे नगरमध्ये निवृत्त होऊन स्थायिक झालेली लष्करी कुटुंबं खूप, आणि ईसीएचएसचं पॉलिक्लिनिकही नगरमध्येच आहे. ज्याच्याकडे ईसीएचएस आहे त्याने खासगी पॉलिसीची घाई करू नये. आणि सत्तरीनंतर ईसीएचएस की वय वंदना, ह्यातलं एक निवडावं लागतं. शेजाऱ्याने कार्ड काढलं म्हणून आपणही काढलं, असं करू नका.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस आहे, पण आपल्याला त्यासाठी पुणं गाठावं लागतं. सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांना बाह्योपचारासाठी महिना १,००० रुपये ठरावीक वैद्यकीय भत्ता घेता येतो, आणि भरतीच्या उपचारासाठी सीजीएचएसचं कार्ड ठेवण्याचाही पर्याय आहे. राज्य शासनाच्या निवृत्तांसाठी २०१४ पासून समूह वैद्यकीय विमाछत्र योजना आहे. ती वर्षावर्षाने चालते, नावनोंदणीला मुदत असते, म्हणून निवृत्तीच्या आधीच कार्यालयात आणि कोषागारात विचारा. मुदत गेल्यावर विचारणारे फार.

कारखान्यात ईएसआयची वर्गणी कापली जात होती अशांनी कान देऊन ऐका. किमान ५ वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतात. महिन्याला १० रुपये! हे माहीत नसलेले कामगार आम्हाला दर कार्यक्रमात भेटतात.

आणि साखर कामगार. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ह्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा चरितार्थ साखरेवर चालला. पण त्या कामगाराचं पेन्शन ईपीएस-९५ चं. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि त्याच्याबरोबर वैद्यकीय सोय काहीही नाही. पेन्शन वाढवा आणि उपचार मोफत द्या, ही ह्या निवृत्तांची मागणी कित्येक वर्षांची आहे. ह्या माणसाला विम्याचं काय सांगायचं, ते आपण तिसऱ्या प्रश्नात बघू. तिथे गोड बोलून चालणार नाही.

दुसरा प्रश्न : कुठल्या दवाखान्यात जाणार?

विमा कार्डावर नसतो, दवाखान्याच्या काउंटरवर असतो. तिथे "चालतो" म्हणाले तर आहे, "आमच्याकडे नाही" म्हणाले तर रात्रीतून पैसे गोळा करायचे.

क्षेत्रफळाने आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा. तालुके १४. अकोले-संगमनेरचा पेशंट नाशिककडे बघतो. कोपरगाव-राहात्याचा शिर्डीला किंवा लोणीला जातो. पारनेर-श्रीगोंद्याच्या माणसाला पुणं जवळ वाटतं. जामखेडचा नगरला येतो, नाहीतर बीड-बार्शीकडे. म्हणजे 'जिल्ह्यात अमुक इतकी नेटवर्क हॉस्पिटलं' ह्या जाहिरातीला तसा अर्थ नाही. तुमच्या घरापासून तासाभरात पोचता येतील अशी दोन, आणि मोठ्या आजारासाठी एक, अशी तीन नावं लिहा. छातीत दुखायला लागलं तर कुठे? हाड मोडलं तर कुठे? कर्करोगासारखं लांबणारं दुखणं आलं तर कुठे?

नावं आपल्याला माहीतच आहेत. नगरमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, बूथ हॉस्पिटल आहे, आनंदऋषीजी आहे. विळद घाटात विखे पाटील मेमोरियल, लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय, शिर्डीला साईबाबा संस्थानचं रुग्णालय. ह्यापैकी तुमच्या तीन नावांच्या पुढे तीन रकाने आखा. फुले योजना आणि आयुष्मान आहे का, आणि कुठल्या विभागासाठी आहे? तुम्ही जी पॉलिसी घेऊ म्हणता ती कॅशलेस चालते का? आणि साध्या खोलीचं एका दिवसाचं भाडं किती? उत्तर एजंटकडून नको. दवाखान्यात जा, आरोग्यमित्राला विचारा, विम्याच्या खिडकीवर विचारा. यादी बदलत असते, म्हणून दरवर्षी हप्ता भरायच्या आधी पुन्हा विचारा.

'कुठल्या विभागासाठी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. एखादा दवाखाना योजनेत असतो, पण सगळ्या शाखांसाठी असेलच असं नाही. पाटी बघून निश्चिंत राहू नका.

हा तक्ता भरला की पुष्कळांना एक गोष्ट दिसते. ज्या दवाखान्यात आपण जाणार आहोत, तिथे मोठ्या आजारांचं काम सरकारी योजनेतच होतंय. मग खासगी पॉलिसी कशासाठी? तर उरलेल्या फटीसाठी. योजनेच्या यादीत नसलेला उपचार, योजनेत नसलेला पण आपल्या विश्वासातला डॉक्टर, स्वतंत्र खोली, मुलाकडे पुण्याला असताना आलेलं दुखणं. ही फट तुमच्यासाठी किती मोठी आहे, तेवढीच पॉलिसी घ्यायची.

तिसरा प्रश्न : किती वर्षं झेपणार?

विमा विकणारा पहिल्या वर्षाचा हप्ता सांगतो. आपण दहाव्या वर्षाचा विचारायचा.

एक साधा हिशेब करू. आज दोघांचा मिळून हप्ता ३०,००० आहे असं धरा. तो दरवर्षी १० टक्के वाढला तर ७ वर्षांनी सुमारे ५८,००० होतो आणि १० वर्षांनी सुमारे ७८,०००. हा आकडा आम्ही उगाच घेतला नाही. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी विचारविनिमय करा. म्हणजे त्याच्या आतली वाढ कंपनी स्वतःहून करू शकते. दिलासा एवढाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. कोणी अजून तो जोडून सांगत असेल तर पावती मागा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आरोग्यविम्यात तुम्ही पैसे भरून वर्षं विकत घेत असता. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, गुडघा बदलणं अशा ठरावीक गोष्टींना बहुतेक पॉलिसींत २ वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारासाठी, म्हणजे आपली बीपी, शुगर, हृदयाचं जुनं दुखणं, ३ वर्षांपर्यंत. पूर्वी ही मर्यादा ४ वर्षं होती, १ एप्रिल २०२४ पासून ती ३ झाली. आता विचार करा. एका माणसाने ६२ व्या वर्षी पॉलिसी घेतली, दोन वर्षं भरली, तिसऱ्या वर्षी हप्ता वाढला म्हणून सोडली. त्याने जुन्या आजारासाठीच्या प्रतीक्षेचा मोठा भाग पैसे भरून काढला, आणि फळ लागायच्या वेळी झाड तोडलं. ह्यापेक्षा वाईट सौदा नाही. म्हणून आमचं सांगणं एका वाक्यात असं आहे : जी पॉलिसी दहाव्या वर्षी झेपेल, तीच पहिल्या वर्षी घ्या.

ह्यातून वयाचा हिशेबही निघतो. राज्य शासनाचा कर्मचारी किंवा शिक्षक साधारण ५८ ला निवृत्त होतो. वय वंदना कार्ड ७० ला. मधे १२ वर्षं. ५८ ला पॉलिसी घेतली तर ६१ ला जुने आजार धरले जातात, पुढे ९ वर्षं पूर्ण उपयोगाची. ६७ ला घेतली तर जुन्या आजारांची प्रतीक्षा संपायला ७० उजाडतं, आणि तोवर सरकारी ५ लाख दारात आलेले असतात. म्हणून ५८ ते ६२ च्या मंडळींनी, झेपत असेल तर, आज-उद्या करू नये. आणि ६७ च्या पुढच्यांनी एजंटच्या घाईला बळी न पडता आधी तक्ता भरावा. आता कंपन्यांना वयाची वरची मर्यादा घालून कोणाला दारातूनच परत पाठवता येत नाही, हे खरं. पण घेता येतं म्हणून घ्यावंच असं नाही. कंपनी प्रकृती बघून नाहीही म्हणू शकते, किंवा हप्ता वाढवू शकते.

नोकरीत असताना कंपनीची समूह पॉलिसी होती अशांनी निवृत्तीच्या आधी एक काम करावं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते लेखी विचारावं. गेलात तर आधीची वर्षं धरली जातात. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी विचारून उपयोग नाही.

आता ईपीएसवाल्या कामगाराचं बोलू. महिन्याला दीड-दोन हजार पेन्शन, थोडी जमीन, मुलगा हाताशी. ह्या घराला कोणी वर्षाला ३०,००० ची पॉलिसी विकत असेल तर ते त्याचं भलं करत नाहीये. पेन्शनपेक्षा हप्ता मोठा! इथे आमचा सल्ला स्पष्ट आहे. फुले योजनेचे कागद तयार ठेवा, ईएसआयचा हक्क असेल तर तो घ्या, सत्तरी झाली की वय वंदना काढा. आणि झेपेल तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका, आजारपणाशिवाय हात लावायचा नाही. योजनेतून उपचार झाला तरी जाणं-येणं, सोबतच्या माणसाचं खाणं, घरी आल्यावरची औषधं, हा खर्च खिशातूनच होतो, आणि कित्येकदा तोच माणसाला सावकाराकडे नेतो. महिन्याच्या औषधांसाठी जनऔषधी केंद्रात विचारा, तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळतं.

ज्यांच्याकडे तीन-चार लाखांची ठेव आहे, पण हप्ता मोठा झेपत नाही, त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे : सुपर टॉप-अप. ह्यात पहिले अमुक लाख तुम्ही भरायचे, त्यावरचं कंपनी भरते. त्या पहिल्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. ती जितकी मोठी तितका हप्ता कमी. पण 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' ह्यांत फरक आहे. समजा डिडक्टिबल ३ लाख. एकाच पॉलिसी वर्षात जूनमध्ये अडीच लाखांचं बिल आलं आणि जानेवारीत २ लाखांचं. साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण एकही बिल ३ लाखांच्या वर नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज करतो, साडेचार लाख, आणि वरचे दीड लाख देतो. एका शब्दाचा फरक दीड लाखांचा आहे. म्हणून कागदावर तो शब्द बोट ठेवून वाचा.

"मुलाच्या कंपनीचा विमा आहे, त्यात आम्ही दोघं आहोत," असं अनेक जण सांगतात. चांगलंच आहे. जोवर आहे तोवर वापरा, त्यात बहुधा जुन्या आजारांना थांबावंही लागत नाही. पण ते संरक्षण मुलाच्या नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी बदलली, कंपनीने आई-वडिलांना वगळलं, की तुम्ही ६८ व्या वर्षी पहिल्या पायरीवर. म्हणून झेपत असेल तर स्वतःची छोटी का होईना, एक पॉलिसी चालू ठेवा.

चौथा प्रश्न : पॉलिसी कोणती?

आता कागदाकडे येऊ. ५ लाखांची पॉलिसी म्हणजे ५ लाख मिळतात असं नाही. चार जागा बघायच्या.

एक, को-पेमेंट. ज्येष्ठांच्या पुष्कळ पॉलिसींत असतं. २० टक्के को-पेमेंट म्हणजे ३ लाखांच्या बिलात ६०,००० तुमचे. हप्ता कमी दिसतो तो बहुतेक वेळा ह्याच्यामुळे.

दोन, खोलीचं भाडं. हे सगळ्यात जास्त फसवतं, म्हणून आकड्यांत बघू. पॉलिसी ३ लाखांची, खोलीसाठी रोज १ टक्का, म्हणजे ३,००० ची मर्यादा. तुम्ही ६,००० ची खोली घेतली, ५ दिवस राहिलात. बिल २ लाख : खोली ३०,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर वगैरे ९०,०००, औषधं, तपासण्या आणि आतली उपकरणं ८०,०००. तुम्हाला वाटेल जास्तीचं भाडं १५,०००, तेवढं आपण भरू. तसं होत नाही. खोली दुप्पट घेतली म्हणून डॉक्टर-थिएटरचे ९०,००० सुद्धा निम्मेच धरले जातात. औषधं, तपासण्या आणि उपकरणांना ही कात्री लागत नाही. म्हणजे कंपनी देणार १५,००० अधिक ४५,००० अधिक ८०,०००, एकूण १ लाख ४० हजार. तुमच्या खिशातून ६०,०००. नियमाप्रमाणे झालेलं असतं, पण घरच्यांना वाटतं फसवलं. म्हणून मघाच्या तक्त्यात खोलीच्या भाड्याचा रकाना होता. दवाखान्यातल्या साध्या खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेत बसतं का, हे आधी बघा. आणि भरती होताना मर्यादेतली खोली मागा.

तीन, ठरावीक उपचारांच्या मर्यादा. मोतीबिंदू, गुडघा, हर्निया ह्यांना वेगळी कमाल रक्कम असू शकते. आपल्या वयात नेमक्या ह्याच गोष्टी लागतात.

चार, काय अजिबात मिळत नाही. नुसत्या तपासण्यांसाठी भरती झालात तर दावा नाकारला जातो. हातमोजे, डायपर यांसारख्या वस्तूंचे पैसे बहुधा मिळत नाहीत.

तुलना कशी करायची? 'आरोग्य संजीवनी' नावाची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आहे. सगळ्या कंपन्यांकडे रचना एकच : को-पेमेंट ५ टक्के, खोली विमा रकमेच्या २ टक्के पण रोज कमाल ५,०००, मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यातलं जे कमी ते. ती घ्याच असं आम्ही म्हणत नाही. पण तिला मापाचं भांडं समजा. कोणी दुसरी पॉलिसी दाखवली की विचारा, "ह्यापेक्षा काय जास्त आहे, आणि त्यासाठी किती जास्त भरायचं?" उत्तर दोन वाक्यांत आलं नाही तर उठा. पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक मिळतं, त्यात हे सगळं थोडक्यात असतं. मागितलं तर ते मराठीत द्यावं लागतं. मागा.

पती-पत्नींनी एकत्र फ्लोटर घ्यावी की वेगवेगळी? फ्लोटरचा हप्ता मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो. वयात पाच-सात वर्षांचं अंतर असेल, किंवा एकाला आजार आणि एक ठणठणीत असेल, तर दोन वेगळ्या पॉलिसींचा भाव जरूर काढा.

फॉर्म स्वतः भरा

"बीपी लिहू नका काका, हप्ता वाढेल." हे वाक्य ऐकलं की फॉर्म परत घ्या. दावा आला की कंपनी जुने कागद मागते, आणि डॉक्टरने केस पेपरवर 'दहा वर्षांपासून बीपी' लिहिलेलं असतं. तिथे सगळं संपतं. आता नियम असा आहे की पॉलिसी सलग ५ वर्षं चालली की माहिती लपवली म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण ह्या भरवशावर खोटं लिहू नका. दुखणं पाच वर्षं थांबत नाही. मुलगा मोबाइलवर फॉर्म भरत असेल तर शेजारी बसा आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्या. आईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन कधी झालं हे मुलाला माहीत नसतं. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून पटली नाही तर परत करता येते.

नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. मागे दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. कंपनी बदलायची असेल तर मुदत संपायच्या निदान दीड महिना आधी अर्ज करा, म्हणजे काढलेली प्रतीक्षेची वर्षं बरोबर नेता येतात. जुन्या करपद्धतीत विवरणपत्र भरत असाल तर ज्येष्ठांना हप्त्यापोटी ५०,००० पर्यंत वजावट मिळते, मात्र हप्ता रोखीने भरलेला नको. पॉलिसीच नसेल तर उपचाराच्या खर्चावरही तेवढीच वजावट मिळते. औषधांची बिलं टाकू नका.

अडलं तर

कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा, आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची, असा २०२४ पासूनचा नियम आहे. दावा नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपला जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. आयआरडीएआयचा मदत क्रमांक १५५२५५.

शेवटी एक घरचं काम. आज गेल्यावर एक कागद घ्या. त्यावर तीन दवाखान्यांची नावं, त्यांचे फोन, कुठे कुठलं कार्ड चालतं, पॉलिसीचा नंबर, नूतनीकरणाची तारीख, रोजची औषधं आणि रक्तगट लिहा. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. आपल्याकडे ही सगळी माहिती बहुधा घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात आणि पाकिटात असते, आणि ॲम्ब्युलन्समध्ये आडवा असतो तोही तोच. दुसऱ्याला कार्ड सापडेपर्यंत नातेवाईक दागिने काढायला लागलेले असतात.

कागद आधी, पॉलिसी नंतर. कागद भरताना काही अडलं तर आम्ही इथेच बसलो आहोत, सावकाश या.